मागचा शॉकअप आणि आईची कंबर



आपल्या जोयडा तालुक्यात बहुतेक घरांच्या अंगणात आता एक मोटारसायकल उभी असते. मुलांना शाळेत सोडणे, रामनगरच्या किंवा दांडेलीच्या बाजारातून सामान आणणे, उळवीच्या जत्रेला जाणे आणि अडीअडचणीला दवाखाना गाठणे, ही सगळी कामे ती एकटी करते. एसटीची वाट पाहत बसण्याचे दिवस पुष्कळसे मागे पडले. पण गाडी आली तशी एक तक्रारही घरोघरी आली. संध्याकाळी ओसरीवर बसले की कोणी कंबर धरतो, कोणी मान चोळतो, आणि दोष सगळा रस्त्याला देतो. रस्त्याचा दोष आहेच. पावसाळ्यात अणशी घाटापासून अनमोडपर्यंत कुठेही जा, आठवड्यापूर्वीचा रस्ता या आठवड्यात ओळखू येत नाही. आतल्या गावांच्या तांबड्या मातीच्या वाटांबद्दल तर बोलायलाच नको. परंतु रस्ता सुधारणे आपल्या हातात नाही. गाडीच्या मागच्या चाकाजवळ मात्र एक गोष्ट अशी आहे, जी आपल्या हातात आहे आणि जिच्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. ती म्हणजे मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या तळाशी असलेली पायऱ्यांची बांगडी. शॉकअ‍ॅब्सॉर्बर हा शब्द लांब आहे. आपण सगळे शॉकअप म्हणतो, म्हणून पुढेही तसेच लिहितो.

या विषयाकडे मी वळलो तो स्वतःच्या चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी माझ्या आईची कंबर धरली. डॉक्टरांनी तपासण्यांसाठी महिन्यातून दोनदा यायला सांगितले, आणि न्यायला माझी १०० सीसीची गाडी. पहिल्या फेरीत तिला त्रास झाला. कोणीतरी सांगितले की शॉकअपच्या बांगडीवर पाच पायऱ्या असतात, ती सगळ्यांत खालच्या पायरीवर आणली की गाडी गादीसारखी होते. मी लगेच तसे केले. अंगणात बसून पाहिले, खरोखरच मऊ लागली. मी खूश झालो.

परतीच्या वाटेवर आई मागे, तिच्या नि माझ्या मध्ये औषधांची पिशवी, आणि मागच्या कॅरिअरला तांदळाचे अर्धे पोते. एका मोरीजवळचा खड्डा मला उशिरा दिसला. चाक खड्ड्यात गेले आणि बाहेर येताना खालून असा दणका बसला, की जणू कोणी सीटखाली हातोडा मारला. आईच्या तोंडून शब्दही निघाला नाही. घरी पोहोचेपर्यंत ती एक हात कमरेवर ठेवून बसली होती. उतरल्यावर म्हणाली, "अरे, तुझी गाडी मऊ नाही झाली, पोकळ झाली." पुढचे चार दिवस ती अंथरुणावर होती.

आईचे ते वाक्य किती अचूक होते, हे मला नंतर एका म्हाताऱ्या मेकॅनिकने गाडीखाली बसवून समजावले. त्याने सांगितलेले आणि नंतर मी स्वतः पट्टी लावून पाहिलेले, असे दोन्ही येथे मांडतो.

आधी शॉकअप म्हणजे काय ते पाहू. त्यात दोन वेगळी यंत्रे एकत्र बसवलेली असतात. बाहेरून दिसते ती स्प्रिंग. ती वजन पेलते आणि खड्डा आला की दबते. पण दबलेली स्प्रिंग सोडली की ती पुन्हा उसळते, परत दबते, परत उसळते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी ठेवली तर एका खड्ड्यानंतर ती अर्धा फर्लांग बेडकासारखी उड्या मारत जाईल. म्हणून स्प्रिंगच्या पोटात एक नळी असते. त्या नळीत तेल असते आणि तेलात बारीक भोके असलेला दट्ट्या वरखाली होतो. तेलाला त्या भोकांतून जायला वेळ लागतो, म्हणून स्प्रिंगची उसळी तिथल्या तिथे जिरते. स्प्रिंग धक्का घेते, तेल तो शांत करते. दोघांची कामे वेगळी आहेत हे ध्यानात ठेवा, कारण पायऱ्यांची बांगडी फक्त स्प्रिंगला हात लावते. तेलाशी तिचा काही संबंध नाही.

मुलांनो, तेलाचे काम समजायला औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणा, सुई नसलेली. तिच्यात पाणी भरा आणि दट्ट्या सावकाश दाबा. सहज जाईल. आता एकदम जोरात दाबा. पाणी तेच, भोक तेच, पण दट्ट्या हाताला विरोध करील. पाण्याऐवजी खोबरेल तेल भरून पाहिलेत तर फरक आणखी कळेल. थंडीत ते गोठते, तेव्हा हा प्रयोग उन्हाळ्यात करा! शॉकअपमधले तेल अगदी असेच वागते: हळू हालचालीला वाट देते, वेगवान हालचालीला अडवते.

स्प्रिंगचा नियम तर पुस्तकातच आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने तो १६७८ साली प्रसिद्ध केला. स्प्रिंगवर जितके बल जास्त, तितकी ती त्याच प्रमाणात जास्त दबते किंवा ताणली जाते. प्रयोगशाळेतल्या स्प्रिंगच्या काट्यावर १०० ग्रॅमच्या खुणांतले अंतर शेवटपर्यंत सारखे असते, ते याच नियमामुळे. परीक्षेत हा नियम लिहून गुण मिळवलेली माणसे (त्यांत मीही आलो) गाडीची बांगडी फिरवताना तो साफ विसरतात.

थोडे विषयांतर करतो. मोटारसायकलला मागे शॉकअप असलाच पाहिजे असे पूर्वी नव्हते. सुरुवातीच्या कित्येक गाड्यांचे मागचे चाक सांगाड्याला घट्ट बांधलेले असे, आणि स्वाराच्या हाडांसाठी फक्त सीटखाली दोन स्प्रिंगा. जुन्या सायकलींची कातडी सीट ज्यांना आठवते, त्यांना ही गंमत वेगळी सांगायला नको. रॉयल एनफिल्डने १९४९ च्या बुलेटमध्ये मागचे चाक एका हलत्या भुजेवर बसवून दोन्ही बाजूंना तेलाचे शॉकअप दिले, तेव्हा ती मोठी नवलाई होती. या भुजेला आपल्याकडच्या गॅरेजात चिमटा म्हणतात. पुढे १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि ही व्यवस्था आपल्या रस्त्यांवर रुळली. शॉकअप बनवण्यात महाराष्ट्राचाही मोठा हात आहे. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ साली मुंबईत मुलुंडला उभी राहिली. पुण्याजवळच्या चाकणला आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजलाही शॉकअपचे कारखाने आहेत. आपल्यापैकी जे विद्यार्थी आयटीआय किंवा डिप्लोमाकडे जाणार आहेत, त्यांनी ही नावे लक्षात ठेवावीत.

आता मूळ मुद्दा. बांगडी फिरवल्याने स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही. हे वाक्य मला पटायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. स्प्रिंगची तार तीच, वेढे तेच, म्हणजे तिचा कडकपणाही तोच. बांगडी वरच्या पायरीवर नेली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, एवढेच. त्यामुळे दोन गोष्टी बदलतात. किती वजन आल्यावर स्प्रिंग हलू लागेल हे बदलते, आणि गाडी किती उंचीवर उभी राहील हे बदलते.

कागदावर एक हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक गाडीचे थोडे वेगळे असतील. समजा मागच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून दर २ किलोला १ मिलिमीटर दबतात. मागचे चाक एकूण ८० मिलिमीटर वर जाऊ शकते, त्यानंतर शॉकअप आपटतो. पहिल्या पायरीवर स्प्रिंग आधीच २० मिलिमीटर दाबलेली आहे, आणि पुढची प्रत्येक पायरी तीत ५ मिलिमीटर भर घालते. म्हणजे पाचव्या पायरीवर ४० मिलिमीटर.

एकटा माणूस बसला आणि मागच्या स्प्रिंगांवर ८० किलो भार आला, तर स्प्रिंग ४० मिलिमीटर दबायला हवी. पहिल्या पायरीवर त्यांतले २० आधीच दाबलेले आहेत, म्हणून गाडी २० मिलिमीटर खाली बसेल. वर जायला ६० शिल्लक, खाली जायला २० शिल्लक. चाक दोन्हीकडे मोकळे आहे. आता त्याच माणसाने बांगडी पाचव्या पायरीवर ठेवली तर काय होईल? ४० वजा ४०, म्हणजे शून्य. गाडी बसतच नाही. शॉकअप पूर्ण ताठ उभा. समोर खड्डा आला तर चाकाला खाली उतरायला जागाच नाही, म्हणून चाकाबरोबर अख्खी गाडी आणि आपणही खड्ड्यात पडतो. एकट्याने जाताना प्रत्येक खड्ड्यात पाठ ठणकते ती यामुळे. अशा स्वाराने बांगडी खाली आणली की गाडी खरोखरच मऊ लागते. मला अंगणात लागली ती हीच मऊ.

पण मागे दुसरे माणूस आणि पोते आले, मागचा भार १५० किलो झाला, तर? स्प्रिंग ७५ मिलिमीटर दबायला हवी. पहिल्या पायरीवर २० वजा केले तर गाडी ५५ मिलिमीटर बसते आणि वर जायला फक्त २५ उरतात. बोटाच्या दोन पेरांएवढ्या उंचवट्यालाच शॉकअप तळाला जाऊन आपटणार. त्या क्षणी स्प्रिंगही नाही आणि तेलही नाही, लोखंडावर लोखंड, आणि वर बसलेल्याची कंबर. पाचव्या पायरीवर तीच गाडी ३५ बसते आणि ४५ शिल्लक राहतात. आईला घेऊन जाताना पायरी वर न्यायची होती, मी ती खाली आणली होती. मऊपणा पायरीच्या आकड्यात नसतो. चाकाला दोन्ही बाजूंना जागा शिल्लक आहे का, यात असतो.

मग आपली पायरी कोणती, हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवता येते. शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी पुरते. गाडी मधल्या स्टँडवर लावा. मागचे चाक जमिनीपासून सुटलेले असले पाहिजे. चाकाच्या अ‍ॅक्सलच्या नटापासून सरळ वर, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीची एक खूण करा आणि अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. आता गाडी स्टँडवरून उतरवा, रोजच्यासारखे बसा, दोन-तीनदा हलकेच हिसका देऊन गाडी स्थिर होऊ द्या. एकाने पुढून हँडल धरावे, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे गाडी किती बसली ते. चाकाच्या एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश एवढी ती बसावी. रोजच्या वापराच्या गाड्यांत ही चाल साधारण ७५ ते १०० मिलिमीटर असते, म्हणजे २० ते ३० मिलिमीटर बसली तर ठीक. फारच कमी बसली तर बांगडी एक पायरी खाली, जास्त बसली तर एक पायरी वर. मागे नेहमी कोणी बसत असेल तर त्या माणसासकट मोजा. दोघांचा भार असताना थोडी जास्त बसली तरी चालेल, पण निम्म्याच्या पुढे जाऊ देऊ नका. नववी-दहावीच्या मुलांनी आपापल्या घरची गाडी अशी मोजून आकडे वहीत लिहावेत. हूकचा नियम पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

बांगडी फिरवायला आकड्यासारखा वाकडा पाना लागतो, त्याला सी-पाना म्हणतात. पुष्कळ गाड्यांच्या हत्यारांच्या पिशवीत तो असतो, पण ती पिशवीच कुणी उघडलेली नसते. छिन्नी लावून हातोडीने बांगडी फिरवणारे गॅरेजवाले मी पाहिले आहेत. तसे करू देऊ नका, खाचा मोडतात आणि मग बांगडी कायमची एका जागी बसते. गाडी मधल्या स्टँडवर असताना आणि सायलेन्सर गार झाल्यावरच हात घाला, कारण उजवा शॉकअप सायलेन्सरच्या अगदी जवळ असतो. आधी चिखल धुऊन काढा. बांगडीच्या कडेला जिन्यासारखी चढण दिसेल. उंच पायरी टेकली की स्प्रिंग जास्त दाबली जाते. एक एक पायरी फिरवा. आणि डावी-उजवी दोन्हीकडे तीच पायरी ठेवा. एक बाजू दुसरीवर आणि एक चौथीवर असली तर चिमट्याला पीळ बसतो आणि वळणावर गाडी विचित्र वागते. आपल्या घाटांत हे परवडणारे नाही. ज्या गाड्यांना मधोमध एकच शॉकअप असतो, त्यांत बांगडीपर्यंत हात पोहोचणे अवघड असते. ते काम जाणकाराकडून करून घ्यावे.

खरे सांगायचे तर पाना उचलण्याआधी चाकातली हवा तपासा. मला वाटते निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. पंक्चरच्या दुकानात "टाका चाळीस" म्हणून दोन्ही चाकांत सारखी हवा भरून घेण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. टायर हा पहिला शॉकअप असतो. तो दगडासारखा फुगवला तर मागची स्प्रिंग कितीही नीट लावा, बारीक खडीचा प्रत्येक खडा हाताला कळतो. १०० सीसीच्या बहुतेक गाड्यांत एकट्याने जाताना पुढे २५ आणि मागे २८ ते ३० च्या आसपास हवा पुरते, आणि मागे माणूस असेल तर मागच्या चाकात जास्त लागते. आपल्या गाडीचा नेमका आकडा चेनकव्हरवर किंवा मालकाच्या पुस्तिकेत छापलेला असतो, तो प्रमाण मानावा. हवा गाडी गार असताना मोजावी. दहा-वीस किलोमीटर पळून आलेल्या टायरमध्ये ती वाढलेली दिसते.

बांगडीने न सुटणारी गोष्टही आहे. मागच्या सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दाबा आणि सोडा. ती एकदा वर येऊन शांत झाली पाहिजे. दोन-तीनदा डुलत राहिली तर तेल संपले आहे किंवा पातळ झाले आहे. नळीवर तेलाचा ओला डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर सील गेले. अशा वेळी पायऱ्या चढवून काही उपयोग नाही, शॉकअप बदलावाच लागतो, आणि बदलायचा तर दोन्ही एकदम. एक नवा नि एक जुना ठेवून वाचवलेले पैसे मागचा टायर वसूल करतो. ज्या शॉकअपला वेगळी डबी जोडलेली असते, त्यात दाबाखाली नायट्रोजन वायू असतो. तो घरी किंवा रस्त्याकडेच्या गॅरेजात उघडू देऊ नका, दट्ट्या उडून इजा होऊ शकते. शॉकअप ठीक आहे, तरी मागून कटकट आवाज येतो आणि चाक आडवे हलते, असे असेल तर चिमट्याचे बुश झिजलेले असतात. आपल्या चिखलात ते लवकर जातात.

आता पालकांची माफी मागून एक बोलतो. सकाळी शाळेच्या फाटकाशी उभे राहिले तर एका गाडीवर तिघे, क्वचित चौघे उतरताना दिसतात. कायद्याने, म्हणजे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने, चालकामागे एकच माणूस बसू शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी वरचा हिशेब पुन्हा करून पाहा. बांगडीला पाचवी पायरी आहे, सहावी नाही. तिसरे माणूस बसले की स्प्रिंगकडे देण्यासारखे काही उरत नाही, आणि जो मुलगा सर्वांत मागे, चाकाच्याही मागे बसतो, त्याला आपटलेल्या शॉकअपचा पूर्ण दणका मिळतो. विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात एक सी-पाना, एक हवेचे मीटर आणि एक मोजपट्टी ठेवता आली, तर पालकसभेच्या दिवशी मोठी मुले गाड्या मोजून देऊ शकतील. खर्च फार नाही.

बांगडी फिरवल्यावर आणखी दोन गोष्टी पाहायच्या असतात, त्या बहुतेक जण विसरतात. मागची उंची बदलली की हेडलाईटचा झोत बदलतो. गाडी मागे बसली तर झोत वर जातो, समोरच्याच्या डोळ्यांत पडतो आणि आपल्या पुढचा खड्डा अंधारात राहतो. जगलबेटच्या बाजूने रात्री येणाऱ्यांना याचा अर्थ कळेल. म्हणून भिंतीवर झोत पाडून तो नीट करून घ्यावा. दुसरे म्हणजे चेन. चिमटा वरखाली होतो तशी चेन सैल-घट्ट होते, म्हणून नेहमीचा भार ठेवून तिचा ढिलेपणा पुस्तिकेप्रमाणे आहे ना ते बघावे. घट्ट चेन चिमट्याला मोकळे हलू देत नाही.

पावसाळा सुरू होण्याआधी, म्हणजे मे अखेरीस, बांगडी एकदा सगळ्या पायऱ्यांवरून फिरवून पुन्हा जागेवर आणावी आणि खाचांना थोडे ग्रीस लावावे. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात ती एकदा गंजून बसली की मग मेकॅनिकचीही दमछाक होते. माझी स्वतःची बसली होती. रॉकेल टाकून दोन दिवस ठेवल्यावर सुटली.

आई आता बरी आहे. तिला न्यायचे असेल तेव्हा मी आदल्या संध्याकाळी बांगडी चौथ्या पायरीवर नेतो, मागच्या चाकात हवा वाढवतो, आणि तांदळाचे पोते दुसऱ्या फेरीला ठेवतो. परत आल्यावर एकट्यासाठी दुसरी पायरी. एकूण काम दहा मिनिटांचे. आई पायरीवर बसून पाहते आणि विचारते, "आज किती नंबर लावलास रे?"